मळ्यातली पार्टी, जाळीवरचं चिकन आणि दुसऱ्या दिवशीचं पोट

गेल्या मे महिन्यात बेळगावजवळ कडोलीच्या बाजूला मामांच्या मळ्यात आम्ही १४ जण बसलो होतो आणि आणलं होतं किती, तर ३ किलो चिकन, २ किलो मटण, फरसाणाच्या मोठ्या पिशव्या ४, कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्या ६, आणि भाजी म्हणाल तर २ कांदे आणि ४ लिंबू, तेबी चिकनवर पिळायला. कोळसा पेटेना म्हणून कुणीतरी पाण्याच्या इंजिनातलं डिझेल ओतलं, जाळ दिसल्या दिसल्या सगळं चिकन एकदम जाळीवर टाकलं, आणि १० मिनिटांत बाहेरनं कोळसा, आतनं लाल. तसंच खाल्लं. भूक लागलेली, काय करणार. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कुणाचं गुडमॉर्निंग आलं नाही, निम्मी माणसं संडासच्या वाऱ्या करत होती, आणि मामांची शुगर सकाळी उपाशीपोटी २४० आली. मामी आठ दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

ह्या वर्षी परत तोच मळा, तीच माणसं, खरं यादी माझ्या हातात. (आमच्या बेळगावात ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणत्यात, पुण्याच्या लोकांनी गोंधळ करून घेऊ नका.) महिनाभर डोकं लावल्यावर मला एक कळलं की चिकन बिचारं एवढं वाईट नाही, तेची संगत वाईट आहे. कातडी काढलेल्या चिकनच्या छातीचं १०० ग्राम भाजलेलं मांस घेतलं तर १६५ च्या आसपास कॅलरी आणि ३० ग्रामच्या वर प्रोटीन. तेवढंच १०० ग्राम फरसाण ५०० च्या वर जातंय, आणि ते आपण जेवायच्या आधी, कोळसा पेटायची वाट बघत, गप्पा मारत संपवतो, तेची मोजदादच नसते. म्हणजे पार्टी बिघडते ती जाळीवर नाही, जाळी तापायच्या आधी बिघडते. म्हणून मी चिकन सोडा, घासफूस खा असं सांगणार नाही, तसं सांगितलं तर परत मला कोण बोलावणारबी नाही.

सुरवात बाजारातनं. आधी माणसं मोजा, मग किलो मोजा, आमच्यात उलटं असतंय, आधी किलो ठरतात आणि मग ‘अजून दोघांना बोलव की’ म्हणत्यात. हाडासकट कच्चं २०० ग्राम एका मोठ्या माणसाला पुरे होतंय, बाकी भाजी, भाकरी, दही असेल तर. १४ जणांत ४ पोरं होती, म्हणून ह्या वर्षी सगळं मिळून अडीच किलो आणलं, मामा यादी बघून म्हणाले, “आरं एवढ्यात काय होतंय, लोक उपाशी जातील.” तेनाच शेवटी ४ पीस घरी डब्यातनं न्यावे लागले.

चिकन घेताना कातडी काढून घ्या. आमच्या मार्केटातल्या भाईंना म्हटलं, “भाई, स्किनलेस करा.” तर ते सुरी थांबवून माझ्याकडं बघतात, “भाजायला न्यायलाय न्हवं? कातडी काढली तर टेस्ट जाणार की.” म्हटलं टेस्ट मी बघतो, तुम्ही काढा. तेंचं खोटं नाही, कातडीनं मांस सुकत नाही, खरं चिकनची बरीचशी चरबी तिथंच असते आणि जाळीवर तीच वितळून निखाऱ्यावर पडते, तिचं पुढं सांगतो. सुकू नये म्हणून दही आहे की. बारीक पीस करून घ्या, तंगडी असेल तर तिला हाडापर्यंत दोन खोल चिरा मारून घ्या, आतनं कच्चं राहत नाही.

मटणाबद्दल एक गैरसमज आहे. बकऱ्याचं मांस मुळात तसं चरबीचं नसतंय, आपण ‘जरा चरबी टाका हो’ म्हणून वरनं मागून घेतो आणि मग मटण तब्येतीला वाईट म्हणतो. चरबी मागू नका एवढं सोपं. तरीपण लाल मांस रोज रोज नको, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवरच्या संस्थेनं २०१५ मध्ये लाल मांस ‘कॅन्सर होण्याची बहुतेक शक्यता’ ह्या गटात घातलंय आणि सॉसेज, सलामी, बेकन असलं प्रक्रिया केलेलं मांस थेट पहिल्या गटात, जिथं तंबाखू आहे. आता तंबाखू म्हटलं की तंबाखू पिकवणाऱ्या निपाणीच्या लोकांचे कान टवकारतात, तर तेचा अर्थ एक सॉसेज म्हणजे एक विडी असा नाही, गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. खरं चोर्ला घाटातनं येताना गोव्याची चोरीसची (डुकराच्या मांसाच्या सॉसेजची) माळ आणणारे आमच्यातबी दोघं आहेत, तेना मी एवढंच म्हटलं की माळ आणा, खरं दोन मणी बारीक चिरून कांद्याबरोबर परतून सगळ्यांना चवीला, अख्खी माळ जाळीवर टांगायची नाही.

मासे आणणार असाल तर बांगडा सगळ्यात सोपा. कारवार नाहीतर गोव्याकडनं येतोय, स्वस्त, आणि तेच्यातली चरबी ओमेगा थ्रीवाली म्हणजे हृदयाला चांगली. खरं मे संपायच्या आत, कारण १ जून ते ३१ जुलै आपल्याकडच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, मग बर्फातला जुना माल गळ्यात पडायची भीती. बांगड्याला तिरप्या चिरा, हळद, मीठ, कोकमाचं पाणी, आलं-लसूण, आणि केळीच्या पानात गुंडाळून जाळीवर. पान काळं होतंय, मासा होत नाही. तेल जवळजवळ शून्य.

आता मसाला. पाकिटातला तंदुरी मसाला उघडून बघा, मागं लिहिलेलं वाचा, बऱ्याच पाकिटांत पहिल्या दोन-तीन नावांत मीठ असतंय. दिवसाला ५ ग्रामच्या आत मीठ असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचा एक, दिवसभराचं सगळं धरून. एका पार्टीत पाकीट मसाला, वर सोया सॉस, वर चाट मसाला, बाजूला वेफर्स असं धरलं तर ते केव्हाच पार होतंय, आणि घरात बीपीच्या गोळ्या घेणारं एक तरी माणूस असतंयच. लाल रंगाचंबी तसंच. कर्नाटक सरकारनं जून २०२४ मध्ये कबाबात आणि माशाच्या पदार्थांत कृत्रिम रंग घालायला बंदी केली, हॉटेलातले नमुने तपासल्यावर. तेच्या आधी मार्चमध्ये गोबी मंच्युरियनमधल्या रंगावर आली होती. मग आपण घरी कशाला चिमूटभर रंग घालायचा, आपल्याकडं ब्याडगी मिरची आहे, हावेरी जिल्ह्यातली, रंग भडक आणि तिखट कमी. नुसता रंग पाहिजे तर ब्याडगी, झणका पाहिजे तर तेच्यात २ संकेश्वरी मिरच्या, झालं.

माझं माप सांगतो, १ किलो स्किनलेस चिकनला. घट्ट दही एक छोटी वाटी, २ लिंबांचा रस, आलं-लसूण वाटून २ मोठे चमचे, ब्याडगी पावडर २ चमचे, हळद अर्धा चमचा, धने-जिरे पावडर एक चमचा, कोथिंबीर-पुदिना मूठभर वाटून, शेंगतेल एक मोठा चमचा आणि मीठ एक सपाट लहान चमचा, बास. लिंबू जास्त असलं की मीठ कमी पडलेलं कळत नाही, ही माझ्या बायकोची युक्ती आहे, माझी नाही. रात्री लावून फ्रिजमध्ये ठेवायचं, ओट्यावर नाही. हे दही-लिंबू-लसूण नुसतं चवीला नाही, मांस जोरात भाजताना जे घातक पदार्थ तयार होतात ते असल्या आंबट, मसालेदार लेपामुळं बरेच कमी होतात असं अभ्यासात दिसलंय. आणि उरलेला लेप, जो कच्च्या चिकनला लागलाय, तो शेवटी वरनं ओतायचा नाही. वरनं लावायला थोडा आधीच वेगळा काढून ठेवा.

आता धग. इथं जरा थांबून सांगतो कारण बहुतेकांचं इथंच चुकतंय. निखाऱ्यावर जाळी, जाळीवर कातडीसकट तंगडी ठेवलीय असं समजा. दोन मिनिटांनी कातडीच्या कडेला चरबीचा एक थेंब जमतो, लोंबकळतो, चकाकतो आणि टप्पकन खाली. निखाऱ्यावर चर्र आवाज, एक पिवळी जीभ वर येते, आणि पाठोपाठ पांढरट निळा धूर, तो धूर सरळ तेच पीस चाटत वर जातोय. आपण म्हणतो काय मस्त वास सुटलाय. त्या धुरात चरबी जळून तयार झालेली घातक रसायनं असतात आणि ती मांसावर जाऊन बसतात, आणि शिवाय मांस स्वतः जास्त तापलं, काळं झालं की आणखी वेगळी तयार होतात. म्हणून चरबी कमी, जाळ नको, आणि काळं करायचं नाही, ह्या तीन गोष्टींत सगळं आलं.

करायचं कसं, तर तीन बाजूंनी विटा रचा, कोळसा एका बाजूला ढीग करून पेटवा. पेटवायला डिझेल, रॉकेल, प्लास्टिकची पिशवी काही नको, नारळाच्या शेंड्या, सुकी शेणी आणि ४ कापराच्या वड्या पुरतात. प्लायवूडचे तुकडे, रंग दिलेली जुनी खिडकी असलं जळणात घालू नका. जाळ बसून निखाऱ्यावर पांढरी राख यायला अर्धा तास तरी लागतो, तो अर्धा तास थांबायचं धाडस ठेवा, तोवर कुणाला जाळीजवळ येऊ देऊ नका. मग निम्म्या बाजूला निखारे आणि निम्मी बाजू मोकळी. पीस आधी निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी रंग येईपर्यंत, मग मोकळ्या बाजूला सरकवून वर पातेलं उपडं घालायचं, आत शिजतंय. सारखं उलटत राहिलं की काळं कमी होतंय. जाळ उठला तर पीस बाजूला, फुंकर नाही. मटण भाजायचं असेल तर आधी घरी कुकरला अर्धं शिजवून आणा, जाळीवर नुसता रंग आणि वास द्यायचा, वेळ कमी म्हणजे धूर कमी, आणि दात असलेल्या-नसलेल्या सगळ्यांना चावतंय. आमच्या आजींनी ह्या वर्षी पहिल्यांदा जाळीवरचं मटण खाल्लं.

शिजलं का ते कसं बघायचं? आतलं तापमान ७४ डिग्री पाहिजे चिकनला, तसला खुपसायचा थर्मामीटर ऑनलाइन मिळतोय, मी घेतलाय, लोक हसले, नंतर प्रत्येकाला तोच हातात पाहिजे होता. नसेल तर सगळ्यात जाड पीस हाडाजवळ कापा, पाणी स्वच्छ आलं पाहिजे, गुलाबी नाही. आणि जे काळं झालंय ते काढून टाका, ‘करपलेलं तेच खरं’ म्हणणारा एक मामेभाऊ प्रत्येक घरात असतोय, तेच्या ताटातलंबी काढा. जाळी साधी लोखंडाची नाहीतर स्टीलची घ्या, कुंपणाची जस्ताचा मुलामा दिलेली जाळी कापून आणायची नाही, तापल्यावर तिचा धूर चांगला नसतोय. आणि वळीव आला म्हणून पेटता कोळसा उचलून पंपाच्या खोलीत न्यायचा नाही हे अगदी ठासून सांगतो, बंद खोलीत कोळशाचा वायू कळतबी नाही आणि माणूस जातंय. वळीव आला तर आडोशाला जा, चिकन उद्या कुकरला लावा. मे महिन्यात तो कधी न सांगता येतोय ते आपल्याला माहीत आहे.

आता माझी खरी युक्ती, जिच्यामुळं ह्या वर्षी अडीच किलोत भागलं. जाळीवर पहिल्यांदा चिकन ठेवायचं नाही. पहिल्यांदा भाजी. लोक मळ्यात पोचतात तेव्हा भुकेले असतात आणि जे पहिल्यांदा गरम ताटात येतंय ते पोटभर खातात, मग ते काय आहे ते बघत नाहीत. तर फरसाण आणलंच नाही, भाजके शेंगदाणे माणशी एक मूठ (तेबी १७० कॅलरी होतात ३० ग्रामला, म्हणून मूठच, परात नाही), आणि जाळीवर भरताची वांगी, ढोबळी मिरची, कांद्याचे जाड काप, मक्याची कणसं. आपल्याला वाटतं बार्बेक्यू म्हणजे काहीतरी परदेशी, आणि इकडं आपली आजी चुलीत वांगं भाजत आलीय, कणीस निखाऱ्यावर लिंबू-मीठ लावून खाणं आणि काय आहे मग? रताळी मिळाली तर सोन्याहून पिवळं, आपल्या बेळगाव तालुक्याची रताळी दिल्लीपर्यंत जातात आणि आपण पार्टीला बटाट्याचे वेफर्स आणतो. अख्खं रताळं सालीसकट कडेच्या राखेत घाला, पाऊण तासानं काढा, साल निघते आणि आतनं मऊ पिवळं. शुगरवाल्यांनी मात्र रताळं भाकरीच्या ऐवजी खायचं, भाकरीच्या बरोबर नाही.

खानापूर-जांबोटीकडच्या एका मित्रानं कच्चा फणस आणला होता, मी आधी नाक मुरडलं. खरं तेनं तो चौकोनी फोडी करून मीठ-हळदीच्या पाण्यात अर्धा उकडून, चिकनच्याच मसाल्यात लावून (वेगळ्या भांड्यात) सळईला लावला आणि निम्म्या लोकांनी मटण समजून खाल्ला. फणसात प्रोटीन मटणासारखं नसतंय, तसं समजू नका, खरं पोट भरतंय आणि चोथा भरपूर.

शाकाहारी माणसं असतील तर, आणि बेळगावात जैन, लिंगायत मित्र नसलेला ग्रुप कुठला, तेंची जाळी वेगळी, चिमटा वेगळा, तेलाचा ब्रश वेगळा, आणि तेंचं आधी भाजून द्यायचं. ‘जाळी तापली की सगळं शुद्ध होतंय’ असली आचरट चेष्टा करायची नाही. पनीर देणार असाल तर तेच्यातबी चरबी असते, १०० ग्रामला २० ग्रामच्या पुढं, म्हणून पनीरचे दोन तुकडे आणि मध्ये ढोबळी, कांदा, मशरूम असं सळईवर लावा, नुसतं पनीर पनीर नको.

बाजूला बुडवून खायला मेयोनीज आणायचं एक फॅड आलंय, पोरांना तेच पाहिजे असतंय. ते बहुतेक तेलच आहे, एक मोठा चमचा म्हणजे ९०-१०० कॅलरी, आणि घरी कच्च्या अंड्याचं करून उन्हात ठेवलं तर पोट बिघडायचं ते वेगळं. आम्ही चक्का घेतला, तेच्यात भाजलेली हिरवी मिरची-लसणीचा खर्डा कालवला, वर थोडं जिरं. एका पोरानं विचारलं हे कुठल्या ब्रँडचं, म्हटलं मामीच्या हातचं.

भाकरी जोंधळ्याची, घरनं करून कापडात बांधून न्यायची. पाव, रुमाली रोटी, वर बिर्याणी असं तिन्ही ठेवलं की लोक तिन्ही खातात, म्हणून एकच ठेवायचं. आणि भाकरीबरोबर आपल्या इकडची रीत आहेच की, कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा, काकडी असं मधोमध ठेवायचं आणि जेवता जेवता हातानं मोडून खायचं. सॅलड म्हटलं की कुणी हात लावत नाही, मेथीची जुडी ठेवली की संपते. पचडीबी चालते, शेंगदाण्याचा कूट घालून. मात्र धुताना नीट धुवा, शेतातनं उपटून झटकली आणि खाल्ली असं नको. आधी हे आणि चिकन, भाकरी नंतर, असं खाल्लं तर साखर जरा हळू चढते, मामांना एवढंच सांगितलं होतं, बाकी काही बंद केलं नाही.

प्यायला काय? कोल्ड्रिंकच्या २५० मिलीच्या एका ग्लासात २६-२७ ग्राम साखर, म्हणजे साडेसहा चमचे. चहात कुणी साडेसहा चमचे घातले तर आपण तेला डॉक्टरकडं नेतो. मोठ्या माणसाला दिवसाला वरची साखर ५० ग्रामच्या आत, जमलं तर २५ च्या आत असं सांगत्यात, पोरांना तर अजून कमी, आणि ती ३ ग्लास पितात. ह्या वर्षी मामींनी माठात नाचण्याची आंबील करून आणली, ताक, कांदा, जिरं घालून, आणि दुसऱ्या माठात कोकम, साखर अगदी बेताची. पोरांनी सुरवातीला तोंडं वाकडी केली, मग कलिंगड कापून थेट जाळीच्या बाजूला बर्फात ठेवलं तेव्हा कोल्ड्रिंकची आठवण गेली. धगीजवळ उभं राहणाऱ्यानं दर अर्ध्या तासानं पाणी प्यायचं, मे महिन्यात ऊन आणि निखारा दोन्हीकडनं भाजतंय, म्हाताऱ्या माणसांना तिथं उभं करू नका. आम्ही पाच वाजता पेटवलं, ऊन उतरल्यावर, संध्याकाळी आपल्याकडं वारा सुटतोच.

बियरचं सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणतील मुद्दाम टाळलं. ६५० मिलीची साधी ५ टक्केवाली बाटली अडीचशेच्या आसपास कॅलरी, स्ट्राँग असेल तर अजून शंभर-एक धरा, म्हणजे दोन बाटल्या एक जेवण झालं. दारूचं सुरक्षित असं काही प्रमाण नाही असं २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सरळ सांगितलंय. घ्यायचीच असेल तर रिकाम्या पोटी नको, एका ग्लासामागं एक ग्लास पाणी, आणि शुगरच्या गोळ्या-इन्शुलिनवाल्यांनी आधी डॉक्टरना विचारा, कारण दारूनं शुगर एकदम खाली जाऊ शकते आणि लोक समजतात ‘चढली आहे, झोपू दे’. ती झोप नसते. गाडी चालवणारा आधी ठरवा आणि तेला आंबील द्या.

उन्हात ठेवायचं-काढायचं हेबी बघा. कच्चं मांस बर्फाच्या पेटीत, झाकून, खाली, आणि वर भाजी-दही वेगळ्या डब्यात. ज्या ताटात कच्चं होतं तेच्यात भाजलेलं परत ठेवायचं नाही, गेल्या वर्षी आमचं हेच झालं होतं असं मला वाटतं, कारण ज्यांनी नुसतं मटण खाल्लं तेनाबी त्रास झाला. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि ३२ डिग्रीच्या वर ऊन असेल तर एकच तास. मे महिन्यात बेळगावची दुपार ३५ च्या पुढं जाते, म्हणजे आपल्याला एकच तास समजा. हात धुवायला साबण न्या, बोरवेल आहे, साबण नसतोय.

गोड. बेळगाव म्हटल्यावर कुंदा येणारच, कुणीतरी किलोचं खोकं आणतंय. खोकं मधोमध उघडं ठेवलं की जाता-येता प्रत्येकजण बोट घालतोय, म्हणून आम्ही केळीच्या पानाच्या तुकड्यावर एकेक मोठा चमचा घालून वाटला आणि खोकं मामींच्या पिशवीत. बाकी हापूस होता, फोडी करून, आणि चोर्ल्याच्या वाटेवर घेतलेली करवंदं. मामांना आंबा नको म्हणायची कुणाची हिंमत नाही, अर्धा दिला आणि त्या बदल्यात अर्धी भाकरी कमी केली, तेनी मान हलवली आणि तेवढ्यात तिसरी फोड उचलली.

आग्रहाचं काय करायचं हे मला अजून सुटलेलं नाही. “घे की एक, एवढ्यानं काय होतंय” म्हणणाऱ्याला नाही म्हटलं तर तो रागावतोय. एक उपाय सापडलाय, चिमटा आपल्या हातात ठेवायचा. जो भाजतोय तेला कुणी आग्रह करत नाही, सगळे तेच्याकडंच मागतात, आणि तो एकेक पीस वाढतो, ताट भरत नाही. ताटंबी लहान न्या. जेवण झाल्यावर बांधावरनं विहिरीपर्यंत आणि परत असा एक फेरा सगळ्यांना मारायला लावला, १५ मिनिटं, टॉर्च घेऊन, साप-विंचू बघत. जेवणानंतर चाललं की शुगर कमी चढते आणि खुर्चीत बसून परत जाळीकडं हात जात नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी बोट टोचून बघितलं, आकडा कुणाला सांगितला नाही, खरं ग्रुपवर साडेसहालाच गुडमॉर्निंग टाकलं, फुलांचा फोटो घालून.

आणि निघताना निखारे तसेच सोडून जाऊ नका, आजूबाजूला वाळलेला ऊसाचा पाला असतोय, एक ठिणगी पुरे. मी काय केलं, निखारे विझत आले होते तेव्हा २ वांगी आणि ६-७ लसणीच्या पाकळ्या सालीसकट राखेत ढकलल्या, भांडी घासून, चटया गुंडाळून होईपर्यंत ती भाजून मऊ झाली, मग काढून मामींच्या डब्यात घातली सकाळच्या भरताला, आणि २ घागरी पाणी ओतून, काठीनं उकरून, परत एक घागर ओतली.